औष्णिक केंद्राची राख: कुठे वापरावी, कुठे वापरू नये आणि काम बिघडतं ते कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची राख नेमकी कोणत्या कामात उपयोगी पडते, प्रमाणं काय धरायची, आणि ‘पुनर्वापर’ म्हणून जे चालतं त्यातलं काय टाळायचं?

बहुतेक जण कामापासून सुरुवात करतात: विटा करू, रस्त्यात भरू, काँक्रीटमध्ये घालू. मी उलट दिशेने जायला सांगेन. आधी हातातली राख कोणती, ती कोणत्या भट्टीतली आणि कोणत्या हॉपरमधली (धुरातून पकडलेली राख जमणाऱ्या कोणत्या नरसाळ्यातली), हे ठरवा. काम त्यावरून ठरतं. राखेचे बरेचसे फसलेले प्रयोग हे चांगल्या कामासाठी चुकीची राख उचलल्यामुळे फसलेले असतात.

दळलेला कोळसा जाळणाऱ्या नेहमीच्या बॉयलरमध्ये एकूण राखेपैकी साधारण ८० टक्के धुराबरोबर वर जाते. तीच फ्लाय अ‍ॅश. ती ईएसपीमध्ये, म्हणजे विद्युतभाराने धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रात, किंवा कापडी पिशव्यांच्या फिल्टरमध्ये पकडली जाते. उरलेली जाडसर, सच्छिद्र राख भट्टीच्या तळाशी पडते, ती बॉटम अ‍ॅश. धुरातला गंधक काढायला चुनखडीचा लगदा वापरला असेल तर त्यातून जिप्सम मिळतं. आणि या सगळ्यातलं काही पाण्यात कालवून तलावात सोडलं की होते ती तलावातली राख. या चार पदार्थांना एकच ‘राख’ समजून एका ढिगात टाकलं, की त्यांची किंमत त्याच क्षणी संपते. पुढे कितीही चाळलं तरी ती परत येत नाही.

पाचवा प्रकार फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरच्या राखेचा, आणि तो सर्वाधिक गोंधळ घालतो. दळलेल्या कोळशाच्या भट्टीत ज्योतीचं तापमान १३०० ते १५०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, कोळशातली माती वितळते आणि थंड होताना तिचे काचेसारखे गोल कण बनतात. राखेची सिमेंटला साथ देण्याची ताकद या काचेत असते. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये तापमान ८५० अंशांच्या आसपासच असतं. तिथे काच बनत नाही, कण वेडेवाकडे राहतात, आणि गंधक पकडायला चुनखडी घातलेली असल्याने राखेत न विरलेला चुना आणि निर्जल कॅल्शियम सल्फेट भरपूर उरतं. अशी राख काँक्रीटमध्ये किंवा विटेत घातली तर ती काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी फुगते. रंग सारखाच, बारीकपणा सारखाच, पण वागणूक अगदी वेगळी. तिला आधी पाणी देऊन विरवावं लागतं, आणि तरीही ती आम्लधर्मी कचरा शमवणं, ओली माती सुकवणं अशा कामांतच बरी.

आता हॉपर. ईएसपीमध्ये एकामागे एक अनेक फील्ड, म्हणजे राख पकडणारे कप्पे, असतात. पहिलं फील्ड बहुतांश राख पकडतं, पण ती जाड असते. मागच्या फील्डमध्ये राख कमी जमते, मात्र ती बारीक असते. केंद्राने फील्डनुसार वेगळे सायलो (साठवणीच्या उभ्या टाक्या) ठेवले तर मागच्या फील्डची राख जवळपास काहीही प्रक्रिया न करता काँक्रीटला देता येते आणि पहिल्या फील्डची विटा, भराव यांकडे जाते. सगळं एकाच वाहिनीत सोडलं की नंतर वर्गीकरणाचं यंत्र बसवावं लागतं. ही वेगळी साठवण केंद्राच्या आराखड्यातच असायला हवी. नंतर ती बसवणं जागेअभावी फार अवघड जातं.

राख तपासताना तीन आकडे आधी पाहावेत: बारीकपणा, न जळलेला कार्बन आणि कॅल्शियम. काँक्रीटच्या राखेसाठीच्या एएसटीएम सी ६१८ या अमेरिकन मानकानुसार ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या चाळणीत ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राख उरू नये. राख तापवल्यावर वजनात होणारी घट, म्हणजे एलओआय, ६ टक्क्यांच्या आत असावी. ओलावा ३ टक्क्यांच्या आत आणि सल्फर ट्रायऑक्साइड ५ टक्क्यांच्या आत असावा. कॅल्शियम ऑक्साइड १८ टक्क्यांपर्यंत असेल तर राख एफ वर्गाची, त्याहून जास्त असेल तर सी वर्गाची. जुन्या आवृत्त्यांमध्ये हीच विभागणी सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोह यांच्या बेरजेवरून होत असे, त्यामुळे जुना अहवाल वाचताना वर्ग कोणत्या पद्धतीने ठरवला ते पाहून घ्यावं. व्यवहारात फरक असा: एफ वर्गाच्या राखेला चुना बाहेरून लागतो, सी वर्गाची राख नुसत्या पाण्यानेही काही प्रमाणात घट्ट होते.

पण एका नमुन्याचे चांगले आकडे फारसे कामाचे नाहीत. काँक्रीट करणाऱ्याला ५ टक्के एलओआयची राख रोज ५ टक्केच मिळाली तर तो सांभाळून घेतो. एका दिवशी २ आणि दुसऱ्या दिवशी ६ टक्के आली तर दोन्ही राखा मानकात बसूनही त्याचं काम बिघडतं. म्हणून त्याच मानकात सातत्याचीही अट आहे: घनता सरासरीपासून ५ टक्क्यांपेक्षा आणि ४५ मायक्रॉनवर उरणारा भाग ५ अंकांपेक्षा सरकू नये. वीजकेंद्राने भार कमी-जास्त केला, कोळसा बदलला, दळणयंत्राची एखादी चाकी झिजली की हे आकडे हलतात. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारे बर्नर बसवल्यावर कार्बन वाढलेला बहुतेक ठिकाणी दिसतो. बॉयलर सुरू करताना तेल जाळतात, त्या वेळची राख काळपट आणि तेलकट असते. ती सायलोत न घेता वेगळी काढावी. हा नियम कागदावर सगळीकडे असतो, रात्रपाळीत मात्र तो विसरला जातो.

कार्बनचा मुख्य त्रास ताकदीला नसतो. काँक्रीटमध्ये बारीक बुडबुडे धरून ठेवणाऱ्या रसायनाला, म्हणजे हवा धरणाऱ्या अ‍ॅडमिक्स्चरला तो शोषून घेतो, आणि जिथे काँक्रीटला गोठणं-वितळणं सोसायचं असतं तिथे आतले सूक्ष्म बुडबुडे कमी पडतात. इथे एलओआयचा आकडा फसवतो. धुरातला पारा पकडण्यासाठी जे केंद्र सक्रिय कार्बनची पूड फवारतं, तिथल्या राखेत एलओआय अगदी कमी असूनही शोषण जबरदस्त असू शकतं. म्हणून फोम इंडेक्सची साधी चाचणी प्रत्येक टँकरला करावी. २० ग्रॅम सिमेंट-राखेचं मिश्रण आणि ५० मिलिलिटर पाणी झाकणाच्या बाटलीत घ्यायचं, पातळ केलेलं अ‍ॅडमिक्स्चर थेंबाथेंबाने घालत प्रत्येक वेळी १५ सेकंद हलवायचं, आणि फेस ४५ सेकंद टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजायचं. बाटली, हात आणि पाणी रोज तेच ठेवा. कालच्या तुलनेत आज किती थेंब, एवढंच यातून कळतं आणि एवढंच हवं असतं.

अमोनियाचा प्रश्न तुलनेने नवा आहे. नायट्रोजन ऑक्साइड घालवण्यासाठी अमोनिया किंवा युरिया वापरणाऱ्या केंद्रात त्यातला थोडा भाग राखेवर बसतो. कोरड्या राखेत तो कळत नाही. सिमेंटचं अल्कधर्मी पाणी लागताच वायू सुटतो. उघड्यावर साधारण १०० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत निभावतं, तळघर किंवा बोगद्यात मर्यादा याहून बरीच खाली ठेवावी. झटपट तपासायला राख कॉस्टिकच्या पाण्यात कालवून बंद बाटलीत ठेवा आणि वर ओला पीएच कागद लटकवा. रंग निळ्याकडे गेला तर ते टँकर बाजूला करा. काँक्रीटच्या ताकदीवर याचा काही परिणाम होत नाही, त्रास माणसांना होतो.

काँक्रीटमध्ये होतं काय? सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोकळं होतं. ते ताकदीला फारशी मदत करत नाही, उलट विरघळून वाट करून देतं. राखेतली काचरूप सिलिका त्याच्याशी हळूहळू संयोग पावून सिमेंटसारखाच बंध तयार करते. ‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. २५ टक्के राखेचं काँक्रीट ७ दिवसांना मागे दिसतं, २८ दिवसांना जवळ येतं आणि ९० दिवसांना बहुधा पुढे जातं. संथपणाचा मोठा फायदा म्हणजे उष्णता कमी निघते. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं हंग्री हॉर्स धरण १९४८ ते १९५३ या काळात बांधलं गेलं. मोठ्या धरणात राखेच्या वापराचं हे सुरुवातीचं ठळक उदाहरण, आणि तिथलं एक मोठं कारण उष्णता हेच होतं. जाड राफ्ट, पुलाचे पाये, धरणं अशा ठिकाणी ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाता येतं. नेहमीच्या आरसीसीला २० ते ३० टक्के धरावेत. थंड हवेत पातळ स्लॅब टाकायचा आणि तिसऱ्या दिवशी शटरिंग काढायचं असेल, तर राख १५ टक्क्यांवर आणा किंवा शटरिंगचे दिवस वाढवा.

मिक्स बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे किलोला किलो बदल करून बाकीचं तसंच ठेवणं. सिमेंटची घनता ३.१५ आणि राखेची साधारण २.२. समजा घनमीटरला ३६० किलो सिमेंट आणि १८० लिटर पाणी होतं. २५ टक्के बदललं तर सिमेंट २७०, राख ९०. काढलेल्या ९० किलो सिमेंटची जागा २८.६ लिटर होती, राख ४०.९ लिटर व्यापते, म्हणजे १२ लिटर जास्त. राख चांगली बारीक आणि गोल असेल तर दर १० टक्क्यांना साधारण ३ टक्के पाणी वाचतं, म्हणजे इथे १३ लिटर. तेवढं पाणी खरोखर कमी केलं तर हिशेब आपोआप जुळतो, आणि पाणी-बंधक गुणोत्तर ०.५० वरून ०.४६ वर येतं. राख जाड असेल, पाणी वाचत नसेल, तर वाळू सुमारे ३२ किलोने कमी करा. नाही तर घनमीटरमागे १२ लिटर जास्त माल निघेल आणि सिमेंट त्या प्रमाणात विरळ होईल. पाणी कमी न करता राख घालणं म्हणजे राखेचा अर्धा फायदा सोडून देणं, आणि प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हेच होतं, कारण गाडीवरचा माणूस पाण्याचं चाक जुन्या खुणेवरच ठेवतो.

बॅचिंग प्लांटवर दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. एकाच वजनकाट्यात दोन्ही मोजत असाल तर आधी सिमेंट, मग राख. काटा पुढे गेला तर जास्त जाणारी राख असेल, सिमेंट कमी पडणार नाही. आणि सिमेंट-राखेचा सायलो मधल्या एका भिंतीने दुभागलेला नसावा. त्या भिंतीला चीर गेली तर राख सिमेंटमध्ये झिरपते, रंगावरून काहीच कळत नाही आणि २८ दिवसांनी चाचणीचे क्यूब कमी भाराला फुटतात तेव्हा शोधाशोध सुरू होते. भरण्याच्या पाइपांची जोडणीही वेगळ्या मापाची ठेवावी आणि राखेच्या जोडणीला कुलूप लावावं, म्हणजे टँकर चुकीच्या सायलोत रिकामा होणार नाही.

जागेवर काम करणाऱ्यांना सांगायचं ते असं: राखेच्या काँक्रीटवर पाणी कमी सुटतं, त्यामुळे उन्हा-वाऱ्यात वरचा थर लवकर सुकून बारीक भेगा पडतात. आत मात्र सेट व्हायला एक-दोन तास उशीर होतो. म्हणजे वर सुकलं म्हणून फिनिशिंगला घाई करू नये आणि सुकू द्यायचंही नाही, फवारा किंवा प्लास्टिक लगेच घालावं. पाणी मारणं ७ दिवसांवर थांबवू नका, १० ते १४ दिवस चालू ठेवा. ओलावा संपला की राखेची क्रिया थांबते आणि सगळ्यात बाहेरचा थर, ज्याच्यावर सळईचं रक्षण अवलंबून असतं, तोच कच्चा राहतो. मुळात राखेच्या काँक्रीटमध्ये कार्बोनेशनला अडवणारा चुना कमी असतो. सळईवरचं कमी कव्हर आणि अपुरं क्युरिंग एकत्र आलं की सळई लवकर गंजते, आणि मग दोष राखेच्या नावावर जातो.

खडीतली सिलिका आणि सिमेंटमधले अल्कली यांच्या झगड्यातून फुगवटा येतो, तिथे एफ वर्गाची राख २० ते ३० टक्के घातली तर बहुतेक वेळा तो आवरतो. सी वर्गाची राख तेच करायला बरीच जास्त लागते. जमिनीत सल्फेट असेल तर सी वर्गाची राख चाचणीशिवाय वापरू नये. काही वेळा ती सल्फेटचा हल्ला वाढवते.

काँक्रीटला न चालणारी राख वाया गेली असं मात्र नाही. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून ती मातीची जागा घेते. तिथे बारीकपणाची फिकीर नसते, कार्बन तर इंधन म्हणून जळतो. तलावातली राखही चालते. सावध राहायचं ते पारा पकडणाऱ्या कार्बनच्या राखेबाबत: भट्टीच्या उष्णतेने तो पारा पुन्हा हवेत जातो आणि वीजकेंद्राने जे अडवलं ते सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडतं.

विटांकडे वळू. राख, चुना, जिप्समच्या विटेचं चालणारं प्रमाण म्हणजे राख ५७ ते ६५ टक्के, वाळू किंवा बारीक बॉटम अ‍ॅश १८ ते २७, विरलेला चुना ९ ते १२ आणि जिप्सम ५ टक्के. चुन्याऐवजी सिमेंट घ्यायचं असेल तर राख ५० ते ६०, वाळू ३२ ते ४०, सिमेंट ८ ते १२ टक्के. माल पॅन मिक्सरमध्ये चांगला घोटावा लागतो. नुसतं फिरवून भागत नाही, चाकाखाली चिरडला जायला हवा. ओलावा तपासायला मुठीत माल दाबा: गोळा टिकला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. दाबून काढलेली वीट एक-दोन दिवस झाकून ठेवावी, मग दोन ते तीन आठवडे पाणी.

इथे बिघाड बहुतेक चुन्यापासून सुरू होतो. गोणीवर चुना लिहिलेलं असतं, पण त्यात क्रियाशील कॅल्शियम ऑक्साइड किती हे कुणी मोजत नाही. ६० टक्क्यांचा चुना ८० टक्क्यांचा समजून घातला तर वीट कधीच पिकत नाही. नीट न विरलेला चुना विटेत राहिला तर भिंतीत बसल्यावर तो फुगतो आणि खपल्या उडतात. म्हणून विरवलेला चुना चाळूनच घ्या. जिप्सम हे लवकर ताकद देतं म्हणून हात सैल सोडला तर उलट होतं, उशिरा फुगवटा येऊन कडा फुटतात. विटेत आडवे पापुद्रे दिसले तर साच्यात हवा अडकली आहे. दाब एकदम देण्याऐवजी टप्प्याने द्या. आणि ‘वीट कच्ची राहते’ या तक्रारीचं निम्मं उत्तर बहुधा हेच निघतं, की चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबलेलं होतं.

ऑटोक्लेव्ह केलेल्या हलक्या ब्लॉकमध्ये राखेच्या लगद्यात चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि अगदी किंचित अ‍ॅल्युमिनियमची पूड असते. अल्कलीत अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन सोडतं, लगदा फुगतो, मग १८० ते १९० अंशांच्या वाफेत १० ते १२ बार दाबाखाली तो पक्का होतो. हे कारखान्याचं काम आहे. कार्बन जास्त असलेल्या राखेने फुगवटा असमान होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाइपलाइनचे खंदक, सोडून दिलेल्या टाक्या, भिंतीमागची अरुंद जागा अशा ठिकाणी ओतून भरायचा भराव हा राखेचा कमी वापरला जाणारा पण उत्तम उपयोग. घनमीटरला सुमारे ६० किलो सिमेंट, ११५० किलो राख आणि ४५० लिटर पाणी. किंवा वाळू स्वस्त असेल तिथे ६० सिमेंट, १८० राख, १५०० वाळू आणि ३०० लिटर पाणी. रोलर लागत नाही, स्वतःहून समपातळीत बसतो. पुढे खणायचं असेल तर ताकद मुद्दाम कमी ठेवावी: हाताने खणायला ०.३ एमपीएच्या आत, यंत्राने खणायला १.४ च्या आत. सी वर्गाची राख घातली तर महिन्यांनी ताकद वाढत जाते आणि दुरुस्तीच्या वेळी ब्रेकर आणावा लागतो. दुसरी नेहमीची फजिती म्हणजे पाइप तरंगतो. हा भराव ओला असताना जड द्रवच असतो. पाइप बांधून ठेवा आणि थरांनी ओता, पहिला थर पाइपच्या निम्म्यापर्यंत.

आत्तापर्यंतचे सगळे वापर बांधीव होते, म्हणजे राख कशात तरी कायमची जखडली जाते. मोकळ्या वापराची, म्हणजे भराव, खाणी, शेत यांची गोष्ट वेगळी आहे, आणि खरा वाद इथेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०१५ च्या नियमात लाभदायक वापराला चार कसोट्या लावल्या: राखेने कामात काही उपयोगी गुण यायला हवा, तिने एरवी खणून आणावा लागणारा माल वाचवायला हवा, त्या मालाचं मानक पाळलं जावं आणि गरजेपेक्षा जास्त राख घालू नये, आणि रस्त्याव्यतिरिक्त मोकळा वापर १२,४०० टनांहून मोठा असेल तर हवा, पाणी, जमीन यांत जाणारी द्रव्यं पर्यायी मालापेक्षा जास्त नाहीत किंवा आरोग्य-पर्यावरणाच्या मर्यादेत आहेत हे दाखवून द्यावं लागेल. कुठल्याही देशात काम करत असाल तरी हे चार प्रश्न स्वतःला विचारण्यासारखे आहेत. तिसरा सगळ्यात बोचरा: दोन मीटर भराव पुरत असताना सहा मीटर राख घातली, तर ती चार मीटर राख टाकून दिलेलीच आहे.

टाकून दिलेल्या राखेचं काय होतं याचं उदाहरण इंडियाना राज्यातल्या टाउन ऑफ पाइन्सचं. तिथे राख भराव म्हणून आणि भूखंडावर मोकळी वापरली गेली आणि घरगुती विहिरींत बोरॉन आणि मॉलिब्डेनम सापडलं. ही दोन्ही द्रव्यं पाण्याबरोबर झपाट्याने सरकतात, म्हणून भूजलात राख पोचल्याची पहिली खूण म्हणून बोरॉन तपासतात. आर्सेनिक, सेलेनियम, सहासंयुजी क्रोमियम यांची वागणूक पाण्याच्या पीएचवर ठरते. शिसं, जस्त यांसारखे धातू अल्कधर्मी पाण्यात दबून राहतात, पण वरची मंडळी नेमकी तिथेच मोकळी होतात. त्यामुळे ‘राख अल्कधर्मी आहे, म्हणून काही झिरपत नाही’ हे विधान अर्धंच खरं आहे.

झिरप तपासताना टीसीएलपी या चाचणीचा अहवाल दाखवून काम भागवलं जातं, ते पुरेसं नाही. त्या चाचणीत अ‍ॅसेटिक आम्ल वापरतात आणि ती नगरपालिकेच्या कचऱ्यात मिसळलेल्या मालाची स्थिती दाखवते. राखेच्या भरावात तशी स्थिती नसते. ईपीएच्या लीफ नावाच्या झिरप-चाचण्यांच्या पद्धती जास्त उपयोगी, त्या क्रमांकाने ओळखतात: १३१३ मध्ये पीएच बदलत झिरप मोजतात, १३१४ मध्ये स्तंभातून पाणी सोडतात, १३१५ घट्ट ठोकळ्यासाठी आहे, तर १३१६ मध्ये पाणी आणि माल यांचं प्रमाण बदलतात. भरावाला १३१३ आणि १३१४, काँक्रीट आणि विटेला १३१५. ज्या केंद्रात आम्लवायू पकडायला सोडियमची क्षारपूड फवारतात तिथली राख मोकळ्या वापराला मी सरळ नाकारतो. पीएच चढतो आणि आर्सेनिक-सेलेनियम सुटायला मोकळं रान मिळतं.

तरीही भराव करायचाच असेल तर नीट करता येतो. राख हलकी असते, दाबलेली कोरडी घनता घनमीटरला साधारण १.१ ते १.४ टन, त्यामुळे मऊ जमिनीवर तिचा भार कमी पडतो. हाच तिचा खरा गुण. भूजलाची सर्वोच्च पातळी आणि राखेचा तळ यांत किमान दीड मीटर अंतर ठेवा आणि तळाशी जाड वाळूचा किंवा खडीचा थर द्या, म्हणजे केशाकर्षणाने पाणी वर चढणार नाही. राख २५ ते ३० सेंटिमीटरच्या सैल थरांत पसरा. सर्वोत्तम ओलावा २० ते ३५ टक्क्यांत कुठेही असू शकतो, प्रॉक्टर चाचणीने तो काढा आणि दोन टक्क्यांच्या फरकात ठेवा. १० टनी व्हायब्रेटरी रोलर पुरतो. रोलरखाली वरचे पाच-सात सेंटिमीटर सैल राहतात, कारण वर काही भार नसतो. घनता मोजताना तेवढा थर काढून खाली मोजा, नाही तर चांगलं काम नापास होईल. दोन्ही बाजूंना १ ते ३ मीटर रुंद मातीचं कवच राखेबरोबरच वर चढवत न्यावं. आधी राख आणि शेवटी माती असं केलं तर पहिल्याच जोरदार पावसात उतार वाहून जातो. राखेला स्वतःची चिकटण नसते. ओली असताना ती उभी राहते, कोरडी झाली की उडते आणि पाण्याने भरली की सरकते. संध्याकाळी काम थांबवताना पृष्ठभाग ओला करून, पाणी बाहेर जाईल असा उतार देऊन रोलरने बंद करा.

ओली, चिकट माती सुधारायला सी वर्गाची राख १० ते २० टक्के मिसळतात. इथे वेळच सर्व काही आहे. पाणी लागताच ती घट्ट होऊ लागते, म्हणून मिसळल्यापासून दोन तासांच्या आत रोलिंग पूर्ण व्हावं. उशीर झाला तर बनलेले बंध रोलरच तोडतो आणि ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. मातीत सल्फेट असेल तर थांबा: कॅल्शियम, अ‍ॅल्युमिना आणि सल्फेट मिळून एट्रिंगाइट नावाचे फुगणारे स्फटिक बनतात आणि रस्ता उचलला जातो.

जिप्समचं गणित सोपं आहे. शुद्धता चांगली, ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि क्लोराइड धुतलेले असले तर ते वॉलबोर्डला जातं. क्लोराइड राहिले तर कागद बोर्डाला चिकटत नाही. नाही तर सिमेंटमध्ये सेटिंग लांबवायला, किंवा सोडियमने बिघडलेल्या जमिनीत. बॉटम अ‍ॅश वाळूच्या जागी, ब्लॉकमध्ये, रस्त्याच्या खालच्या थरात चालते. तिच्यात पायराइटचे खडे राहिले तर ते गंजून डाग आणि खड्डे पाडतात. तलावावर तरंगणारे पोकळ गोळे, सेनोस्फिअर, एकूण राखेच्या एक-दोन टक्क्यांहून कमी असतात, पण हलके रंग, प्लास्टिक आणि तेलविहिरींचं सिमेंट यांत त्यांना भरपूर मागणी असते.

शेतात फ्लाय अ‍ॅश घालण्याबद्दल मी हात आखडता ठेवतो. आम्ल जमिनीचा पीएच सुधारतो हे खरं, पण ताज्या राखेतलं बोरॉन पिकाला भाजून काढतं आणि नायट्रोजन तिच्यात जवळपास नसतो. ते काम जिप्समवर सोडलेलं बरं. जिओपॉलिमरचं, म्हणजे सिमेंटऐवजी अल्कलीने राख घट्ट करण्याचंही तसंच: प्रयोगशाळेत कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेटने, ६० ते ८० अंशांत एक दिवस ठेवून उत्तम ठोकळे निघतात, पण राख रोज बदलते आणि उघड्या साइटवर दाहक द्रव हाताळणं सोपं नाही. कारखान्यातल्या साच्याच्या मालापुरतं ठीक.

माणसांसाठी: कोरडी राख फुफ्फुसात जाते आणि तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेची, ओशाची, मर्यादा ८ तासांच्या सरासरीला घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. घरात वापरायच्या मालासाठी किरणोत्साराचा निर्देशांकही काढावा. युरोपात रेडियम-२२६ भागिले ३००, थोरियम-२३२ भागिले २०० आणि पोटॅशियम-४० भागिले ३००० यांची बेरीज १ च्या आत असेल तर माल पुढे जातो.

राहिली तलावातली राख. कोळशाची केंद्रं जिथे कमी होत चालली आहेत तिथे काँक्रीटसाठी आता जुने तलाव उपसले जातात. नमुने जाळी आखून आणि खोलीनुसार घ्या, कारण पाणी जिथून तलावात शिरतं तिथे जाड राख बसते, बाहेर पडायच्या टोकाला बारीक, आणि दर काही मीटरवर कोळशाचं वर्षच बदलतं. उपसण्याआधी पाणी आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरवावं लागतं. वरून कोरडी दिसणारी राख आत पाण्याने भरलेली असते आणि पोकलेनच्या हादऱ्याने ती एका क्षणात द्रव होऊन यंत्रासकट सरकू शकते. उपसलेला माल लगेच ड्रायरला देऊ नका. २० टक्के ओलाव्याच्या राखेत एक टन कोरड्या मालामागे २५० किलो पाणी असतं, आणि ते उडवायला किमान ६५० मेगाज्यूल उष्णता लागते. ढीग करून निथळू दिला आणि ओलावा १२ टक्क्यांवर आला तर हेच पाणी १३६ किलोवर येतं, म्हणजे ड्रायरचं इंधन जवळपास निम्मं वाचतं. त्यानंतर गुठळ्या फोडणं, चाळणं, आणि एलओआय जास्त असेल तर कार्बन जाळून किंवा स्थिर विद्युतभाराने वेगळा करणं. हे झाल्यावर ताकदीची चाचणी २८ दिवसांवर न थांबवता ९० दिवसांपर्यंत चालवा, कारण तलावात वर्षानुवर्षं पाण्यात पडून राहिलेल्या कणांचा पृष्ठभाग काही अंशी आधीच खर्ची पडलेला असतो.